साती पाण्याची भाक

नीलिमाला पहाटेपासून कळा येत होत्या आणि चिचघाट गाव चारी बाजूंनी पाण्यात होतं. वरच्या धरणाचे दरवाजे उघडलेले. गावामागचा नाला रस्त्यावरून वाहत होता, आणि पुढ्यात वैनगंगा, गढूळ आणि रुंद. पैलतीरावर, गडचिरोलीच्या अंगाला, अँब्युलन्स येऊन थांबली होती. तिचा दिवा अलीकडून दिसत होता. मध्ये नदी होती, आणि नदी ओलांडायला मठाची मोटरबोट होती.

ती बोट सकाळपासून चालूच होती. तापानं फणफणलेलं एक पोर पार गेलं, लकवा मारलेला एक म्हातारा पार गेला. नीलिमाला खाटेवर घालून तिचा नवरा अश्विन आणि आळीतली माणसं घाटावर आली, तेव्हा बोट रिकामीच उभी होती. बोट चालवणारा मुखरू इंजिनावर हात ठेवून बसला होता. त्यानं खाटेकडं पाहिलं आणि मान खाली घातली.

"महाराजानं नाई म्हनलं," तो म्हणाला.

नीलिमाची आई सुगंधाबाई खाटेच्या पुढं धावत आली होती. तिला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

"का म्हनलं?"

"मठाच्या नावेत या घरचं मानूस बसवू नको म्हनलं. मी नोकर मानूस हावो, बाई."

अश्विन बोटीत उतरून इंजिनाची दोरी ओढायला लागला. मठाच्या चार पोरांनी त्याला धरून चिखलात पाडलं. सुगंधाबाई मठाकडं पळाली. पण तिला फार पळावं लागलं नाही. खुशाल महाराज स्वतःच छत्री धरून घाटाच्या पायऱ्यांवर येऊन उभा होता.

हा खुशाल महाराज परका माणूस नव्हता. सुगंधाबाईचा तो सख्खा दीर. मठाची गादी खरं तर तिच्या नवऱ्याची, थोरल्याची. पण त्याला शेती आणि गाणं याचाच नाद, म्हणून त्यानं ती धाकट्याला देऊन टाकली होती. थोरला वारून बरीच वर्षं झाली. नीलिमा लहानपणी या काकाच्या मांडीवर बसून प्रसादातले खोबऱ्याचे तुकडे वेचून खायची.

सुगंधाबाईनं त्याचे पाय धरले. "भाऊजी, पोरगी मरते. तुमच्या मांडीवर खेळली जी ती."

"वैनी, उठा." खुशालचा आवाज मऊ होता, तो नेहमीच मऊ असायचा. "माह्या हातात असतं तं मी स्वतः तिले उचलून नेलं असतं. पन भाक माह्या हातात नाई. लगन केलं तवाच मी सांगतलं होतं. पानी येक झालं, आता पूर आला. हा पूर उगाच आला का? अजून तिले नावेत घेऊ, तं गाव राहीन का?"

सुगंधाबाई त्याचे पाय धरून राहिली. मग तिला मागून ठमाबाईची, नीलिमाच्या सासूची, किंकाळी ऐकू आली, आणि तिनं पाय सोडले.

तहसीलची बोट दुपारी आली. तोवर घाटाच्या पायऱ्यांवर लुगड्यांचा आडोसा करून ठमाबाईनं आणि सुगंधाबाईनं जे करता येईल ते केलं होतं. मुलगी झाली होती. ती रडलीच नाही. नीलिमा त्यानंतर थोडा वेळ होती. रक्त थांबत नव्हतं. आईकडं पाहत तिनं विचारलं, "नाव आली का?" सुगंधाबाई "आली" म्हणाली.

*

भाक म्हणजे काय ते सांगायला हवं. चिचघाटच्या मठात पूर्वी एक डोमाजी नावाचे साधू होऊन गेले. त्यांनी पुढचं भविष्य सांगून ठेवलं असं गाव मानायचं. त्यांच्या भाकणुकीला गावात नुसतं 'भाक' म्हणत. महाशिवरात्रीला मार्कंड्याला मोठी जत्रा भरते, तशीच लहानशी जत्रा चिचघाटलाही भरायची, आणि त्या दिवशी मठापुढं भाक गायची. भाक चारच ओळींची:

साती पानी येक होतीन,
तवा गाव बुडंन.
बुडल्या गावातून मंग
सारं जग निघंन.

गावात सात आळ्या, सात जातींच्या. प्रत्येक आळीची बाई जत्रेच्या सकाळी आपापल्या घाटावरून एक मडकं पाणी आणायची, आणि ती सात मडकी मठातल्या सात कोनाड्यांत वेगवेगळी ठेवली जायची. एकाचं पाणी दुसऱ्याला लागू द्यायचं नाही. अर्थ मठानं लावून दिलेला होता: जाती मिसळल्या की गाव नाहीसं होईल, आणि त्याच्या जागी बाहेरचं जग येऊन बसेल. आठवी आळी बौद्धांची. तिचं पाणी मठानं कधी घेतलंच नव्हतं, आणि छप्पन सालापासून त्या आळीनं मागणंही सोडलं होतं.

भाक गायचा मान सुगंधाबाईच्या घरचा. सासूकडून तो तिच्याकडं आला. तिचा आवाज खडा होता, भोंग्याशिवाय पार नदीच्या वाळूपर्यंत जायचा. नीलिमानं आठव्या आळीतल्या अश्विनशी चंद्रपूरला जाऊन लग्न नोंदवलं, तेव्हा मठानं अश्विनच्या घराला वाळीत टाकलं. दुकानातून मीठ मिळेना, गिरणीत दळण मिळेना. सुगंधाबाई मात्र रोज उघड उघड लेकीकडं जायची. तिला कोणी वाळीत टाकलं नाही. भाक गाणारं दुसरं कोणी नव्हतं, आणि भाकेशिवाय जत्रा नव्हती.

*

तेराव्याच्या दिवशी खुशाल महाराज नारळ आणि नवं लुगडं घेऊन सुगंधाबाईच्या दारात आला.

"वैनी, झालं ते देवाच्या मनात होतं. मन घट्ट करा. शिवरात्रीले तुमच्याबिगर कोन गाईन?"

शेजारणींना वाटलं, ती नारळ त्याच्या डोक्यात घालेल. तिनं पदर पुढं करून दोन्ही घेतलं.

"गाईन जी, भाऊजी," ती म्हणाली.

लोक म्हणाले, म्हातारी खचली. अश्विनच्या कानावर हे गेलं तेव्हा तो संतापून तिच्याकडं आला. तो आरमोरीच्या शाळेत शिक्षक होता; पूर ओसरताच त्यानं पोलिसात तक्रार दिली होती. सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा आहे, त्यात शिक्षा आहे, हे त्याला ठाऊक होतं. पण साक्षीला कोणी उभं राहत नव्हतं. घाटावर शंभरेक माणूस होतं, आणि कोणी काही पाहिलं नव्हतं. मुखरूनं तर जबाब दिला, की इंजिन बिघडलं होतं.

"आई, तुमी त्याचं लुगडं घेतलं?"

"घेतलं."

"काऊन?"

"त्याच्या जवळ जाता यावं म्हनून," सुगंधाबाई म्हणाली.

तिच्या घरात धानावर टाकायचं औषध होतं. महाराजाला रोज दुपारी जेवणानंतर ताक लागायचं, आणि पूर्वी कित्येकदा ते तिच्याच घरून जायचं. तिनं पुन्हा ताक पाठवायला सुरुवात केली. रोज सकाळी घुसळायची, मीठ-जिरं घालायची, आणि स्वतः गडू घेऊन मठात जायची. खुशाल तिच्यासमोर घटाघटा प्यायचा आणि मिश्या पुसायचा. ती त्याच्या गळ्याची हाडकी वर-खाली होताना पाहत राहायची. या गळ्यातून ते उतरताना कसं दिसेल, याचा विचार करत ती घरी यायची, आणि तेवढ्यावर तिला दोन घास जेवण जायचं.

दिवाळीनंतर एका सकाळी तिनं ताकात औषध घातलं. वास लपावा म्हणून आलं ठेचून घातलं. गडू पदराखाली धरून ती मठात गेली. खुशाल ओसरीवर बसला होता. पायाशी बाहेरगावची माणसं बसली होती, आणि तो त्यांना डोमाजी बाबांच्या मरणाची गोष्ट सांगत होता. बाबांना म्हणे कोणी विष दिलं होतं. ते जिथं पडले तिथंच ही समाधी उभी राहिली. आणि तेव्हापासून मठाची कीर्ती वाढली. ऐकणाऱ्या बायका डोळे पुसत होत्या.

सुगंधाबाई दाराशी थबकली. समाधीवरचा संगमरवर नुकताच धुतलेला होता. त्या समाधीशेजारी अजून एका समाधीपुरती जागा मोकळी होती.

ती तशीच मागं फिरली. नदीच्या काठानं लांब, जिथं गुरं पाण्याला येत नाहीत तिथं गेली, खड्डा खणून तिनं ताक पुरलं आणि गडू दगडानं ठेचून टाकला. तिला दया आली नव्हती. नुसता एवढा हिशोब लागला होता, की मेला तर हा देव होईल. पुढच्या वर्षी तिलाच त्याच्या समाधीपुढं गावं लागेल.

नुसतं मारून याचं काही बिघडणार नव्हतं.

*

संध्याकाळी ती ठमाबाईकडं गेली. दोघी विहिणी चुलीजवळ बसल्या. अश्विन आरमोरीला गेलेला. भिंतीवर बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या फोटोखाली नीलिमाचा फोटो लावलेला होता.

"ठमाबाई, मी आज त्याले मारनार होती," सुगंधाबाईनं सांगितलं.

ठमाबाईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "मंग?"

"त्याचं मरन त्यालेच फायद्याचं हाय."

ठमाबाईनं लाकडाचा विस्तव राखेत दाबला. "माही सून मेली, माही नात मेली," ती म्हणाली. "मलेही वाटते, घाटावर नेऊन त्याचं तोंड चिखलात दाबावं. पन मले येक सांगा बाई, तुमी त्याच्यावर येवढ्या जळता, आन् भाक तं त्याचीच मानता. शिवरात्रीले गाईन म्हनता."

"भाक त्याची नाई. डोमाजी बाबाची हाय."

"अर्थ तं त्याचाच हाय ना. आमच्या इथी भंतेजी येतात. ते सांगतात, बुद्ध म्हने, नद्या कितीक असोत, समुद्रात गेल्या की आपलं नाव सोडून देतात. मंग कोनी पुसत नाई, हे पानी कोन्या गावचं. आमी ते ऐकून खूश होतो. तुमच्या भाकेतही पानीच येक होते, आन् तुमी घाबरता. पानी तं तेच हाय, बाई."

सुगंधाबाई चुलीकडं पाहत बसली. तिच्या ओठांशी भाक चालू झाली, आवाज न करता. चौथ्या ओळीला ती थांबली. *सारं जग निघंन.* इतकी वर्षं ही ओळ तिनं धमकीसारखी गायली होती, कारण सासूनं तशीच शिकवली होती. पण 'निघणं' हे तर अंकुराचं असतं. पोराचं असतं. पोट फाडून जे बाहेर येतं, त्याला निघणं म्हणतात.

"बुडंन म्हनलं हाय," ती पुटपुटली. "मरंन म्हनलं नाई."

"का म्हनता?"

"काई नाई." ती उठली. तिचा चेहरा पाहून ठमाबाईला जरा भीती वाटली. "तुमी शिवरात्रीले येता का? आठव्या आळीचं मडकं घेऊन?"

"नाई जी," ठमाबाई ठामपणे म्हणाली. "तुमच्या देवाले पानी वाहाचं आमी सोडलं, ते सोडलं. माह्या सुनेसाठीही नाई वाहनार. पाहाले येईन. दूर उभी राहीन."

"दुरून दिसंन तुमाले," सुगंधाबाई म्हणाली. "चांगलं दिसंन."

*

शिवरात्रीपर्यंत ती रोज मठात ताक घेऊन जात राहिली. स्वच्छ ताक. खुशालचा तिच्यावर पूर्ण विश्वास बसला. या वर्षी जत्रा मोठी करायची त्याच्या मनात होती. पुरानंतर लोकांत भीती होती, आणि भ्यालेला माणूस मठाकडं वळतो. मोठा मांडव पडला, भोंगे लागले, मोबाईलवर थेट दाखवायला चंद्रपूरहून पोरं आली. गादी उंच ओट्यावर ठेवली होती. ओट्याखाली सात तिवया मांडून त्यांवर सात मडकी ठेवली, म्हणजे सगळ्यांना दिसावीत. अंघोळीसाठीचं एक मोठं पितळी घंगाळ मधोमध होतं. त्यात बेल-फुलं टाकायची.

सुगंधाबाई खुशालनंच दिलेलं नवं लुगडं नेसून आली. तिनं टाळ घेतले आणि गायला सुरुवात केली. गर्दी हळूहळू शांत झाली. मांडवाच्या टोकाला, उन्हात, ठमाबाई आणि अश्विन उभे होते. अश्विनला तिनं काहीच सांगितलं नव्हतं. तो रागानंच आला होता.

*साती पानी येक होतीन, तवा गाव बुडंन.*

इथं ती थांबली. टाळ खाली ठेवले.

"लई वर्सं झाली, मी हे गाते," ती म्हणाली. भोंग्यातून तिचा आवाज नदीपार गेला. "मले आज अर्थ सांगाचा हाय."

खुशालनं गादीवरून हसून मान हलवली. त्याला वाटलं, ती पुराबद्दल बोलणार.

"माह्या पोरीच्या पोटात दोन आळ्यांचं पानी येक झालं होतं. इथल्याच घाटावर तिची पानमोट फुटली. भाक त्या दिवशी खरी झाली. मंग गाव बुडालं का? हे काय, तुमी सारे बसले हा. गाव नाई बुडालं. माही पोरगी बुडवली."

मांडवात कुजबुज उठली आणि लगेच विझली.

"नाव उभी होती. मुखरू इंजिनावर बसला होता. इंजिन बिघडलं नव्हतं. ह्या मानसानं छत्री धरून मले सांगतलं, भाक नाई म्हनते. मी याचे पाय धरले, आन् माही नीलिमा तिकडं पायरीवर रगतात पडली होती. तुमी सारे पाहत होते. मी येकायेकाचं तोंड पाह्यलं हाय."

"वैनी!" खुशाल उठला. "माईक बंद करा रे!"

एका पोरानं वायर ओढली. भोंगे बंद पडले. पण सुगंधाबाईला भोंगे कधी लागतच नव्हते. तिनं पहिल्या तिवईवरचं मडकं उचललं आणि घंगाळात ओतलं. मग दुसरं.

मांडवातून एक आवाज निघाला, गुरं बिथरल्यावर निघतो तसा. मागची माणसं उठून उभी राहिली. एक म्हातारी "बुडालो, बुडालो" म्हणून ओरडायला लागली.

"थांबा, वैनी! गाव बुडंन!"

"बुडालंच पायजे!" तिनं तिसरं मडकं ओतलं. "ज्या गावात अडलेल्या बाईले नाव भेटत नाई, ते ठेवून का कराचं? डोमाजी बाबानं गाव राहीन कुठी म्हनलं? बुडंन म्हनलं. आन् बुडल्यावर जग निघंन म्हनलं. सारं जग! तुमची आळी नाई, माही आळी नाई. तो माय-बाप आशीर्वाद देऊन गेला, आन् ह्यांच्या घरानं त्याचा शाप केला. मी त्यांच्यात नांदली, मीच तो शाप गायली. आता नाई गाऊन राह्यली."

मठाची पोरं तिच्याकडं निघाली. तेवढ्यात चौथ्या आळीचं मडकं आणणारी सोमारी पुढं आली. धिप्पाड बाई, मासे विकणारी. तिच्या दोन मुली लग्नाच्या होत्या, आणि थोरलीचं मन कुठं गुंतलंय ते तिला ठाऊक होतं. ती पोरांच्या आणि सुगंधाबाईच्या मध्ये उभी राहिली, आपलं मडकं स्वतःच्या हातानं उचललं, आणि ओतलं. पाचवी, सहावी बाई आली. त्यांनीही आपापलं मडकं ओतलं.

सातवं मडकं राहिलं होतं. ते मठाच्या घरचं, खुशालच्या आळीचं.

ते सुगंधाबाईनं घंगाळात ओतलं नाही. रिकामं केलं ते जमिनीवर, आणि घंगाळात बुडवून काठोकाठ भरलं. मग ते कडेवर घेऊन ती ओट्याच्या पायऱ्या चढायला लागली.

"भाऊजी," ती म्हणाली, "रोज ताक पेले. आज हे प्या."

खुशाल मागं सरकला. "अंगाले लावू नका ते... वैनी, अंगाले नका..."

ती चढत राहिली. तो गादीवरून मागं, लोडावरून मागं, आणि ओट्याच्या मागच्या कडेवरून धप्पकन् खाली पडला. उठला. एक खडाऊ पायात, एक हातात, धोतर सावरत तो मठाच्या टेकडीकडं पळत सुटला. पाणी त्याच्या मागं येत असल्यासारखं तो वळून वळून पाहत होता.

मांडवात कुठंतरी एक पोरगी हसली. तिच्या शेजारची हसली. आणि बघता बघता तो सगळा मांडव, भीतीनं पांढरे पडलेले ते सगळे चेहरे, हसायला लागले. सुगंधाबाई ओट्यावर मडकं धरून उभी होती. ती हसली नाही. पण गादीवरून उठून पळालेल्या महाराजाला परत गादी मिळत नसते, हे तिला तिथं उभ्या उभ्या कळलं, आणि तिच्या छातीत काहीतरी गरम, गोड पसरलं. कितीतरी महिन्यांत तिला इतकं बरं वाटलं नव्हतं.

*

चंद्रपूरच्या पोरांनी ते सगळं मोबाईलवर टिपलं होतं. दोन दिवसांत ते इतक्या लोकांनी पाहिलं, की चिचघाटात गाड्या यायला लागल्या. कोण कुठले लोक यायचे. सिरोंच्याकडून तेलुगू बोलणाऱ्या बायका आल्या. कोरपन्याहून सिमेंट कारखान्यातली कामगार माणसं आली. सगळे बाटलीत आपापल्या गावचं पाणी घेऊन यायचे आणि घाटावर, नीलिमा गेली त्या पायरीवरून, नदीत ओतायचे. कुवेतमधल्या कुठल्या नर्सनं समुद्राचं पाणी पाठवलं. जर्मनीत शिकणाऱ्या कोणा पोराची बाटली आली, तिच्यावर नदीचं नाव लिहिलेलं. अश्विननं ते वाचून दाखवलं. सुगंधाबाईला ते उच्चारता येईना. लोक म्हणत, भाक आता खरी होऊन राह्यली, सारं जग येक होऊन राह्यलं. तिच्या पाया पडत.

ती पाय मागं घ्यायची.

नागपूरहून आलेल्या एका बातमीदार मुलीनं कॅमेऱ्यासमोर विचारलं, "बाई, सगळ्या जगानं एक व्हावं, हा तुमचा संदेश आहे ना?"

"संदेश नाई, बाई," सुगंधाबाई म्हणाली. "बदला हाय."

बातमीत तेवढं वाक्य कापून बाकीचं दाखवलं गेलं.

मठाकडं कोणी फिरकेना. मठाची पोरं एकेक करून निघून गेली. मग एका सकाळी मुखरू अश्विनच्या दारात येऊन बसला. इंजिन चालू होतं, हे त्याला पोलिसांना सांगायचं होतं. तो सांगून आला, आणि त्याच्यामागं घाटावरची आणखी माणसं जबाब द्यायला निघाली. त्यानंतर तो सुगंधाबाईकडं गेला.

"माफ करा, बाई."

"तुवा बयान देल्लं, बरं केलं," ती म्हणाली. "माफी माह्याजवळ नाई. दुसऱ्याजवळ माग."

तो दारातून रडत गेला. तिनं धान पाखडायला घेतलं.

*

निकाल लागायला पुढचं वर्ष उजाडलं. न्यायाधीशांनी खुशालला आणि त्याच्या दोन माणसांना दोषी ठरवलं. शिक्षा दोन वर्षांची झाली. अश्विनला ती कमी वाटली; तो वकिलाशी वर अपील करण्याबद्दल बोलत राहिला. कोर्टाच्या व्हरांड्यात खुशाल बाकावर बसला होता, शेजारी एक शिपाई. महाराजाची कफनी गेली होती. साध्या शर्टात तो तिच्या नवऱ्यासारखा दिसत होता, आणि त्याचाही तिला राग आला.

"वैनी," त्यानं हाक मारली.

ती थांबली.

"येक खरं सांगा. आता का उरलं हाय लपवाले. भाकेचा अर्थ तोच हाय का, जो तुमी सांगतला?"

"मले नाई मालूम."

"मंग?"

"तुमाले दुखंन असा अर्थ मी ढुंडत होती. भेटला." ती त्याच्या समोर उभी राहून शांतपणे बोलत होती, जशी पूर्वी ताक घेऊन उभी राहायची. "आता हजार लोक येऊन सांगतात का तोच खरा हाय. येवढ्या दुरून येतात, त्यांचे डोळे भरतात. मलेही कधी कधी वाटते, असंन खरा. आन् खरा असंन, भाऊजी, तं मले अजूनच पायजे तो. सारं जग येक झालं तं तुमी उभे कुठी राहान? कोनाले म्हनान, तू बाहेर?"

खुशालच्या गळ्याची हाडकी वर-खाली झाली.

"मी जिती हाय तवरी सांगत राहीन," ती म्हणाली. "तुमी सुटून याल, तवाही सांगत असेन."

पलीकडच्या कडुलिंबाखाली ठमाबाई डबा उघडून बसली होती. भाकर, वांग्याची भाजी, लसणाची चटणी. सुगंधाबाई तिच्याजवळ जाऊन बसली, पण पाठ करून नाही. तोंड बाकाकडं करून. खुशालला न्यायची गाडी यायला वेळ होता, आणि त्यानं सकाळपासून काही खाल्लेलं दिसत नव्हतं.

"चटनी लावू का?" ठमाबाईनं विचारलं.

"लावा. लई लावा."

त्याच्याकडं पाहत पाहत ती जेवली. घास सावकाश चावत होती. एक भाकर संपली तशी तिनं दुसरी मागून घेतली.